भिजत घोंगडं

माल्ट लेनच्या टोकाचं जुनं धुलाईघर
पाडावं की ठेवावं
याचा अहवाल माझ्या टेबलावर आला
तेव्हा फेब्रुवारी होता, आणि ऑसलथ्वेटमध्ये
फेब्रुवारी एप्रिलपर्यंत असतो.

टेप, टॉर्च, हेल्मेट घेऊन गेले.
तांबड्या विटा. दारावर दगडात कोरलेलं ‘स्त्रिया’.
पुरुषांसाठी दार नव्हतंच.
आत, भिंतीतून ओढून काढायचे
वाळवणीचे उंच लोखंडी घोडे,
प्रत्येकावर पितळी आकडा.
एकेचाळीस नंबरचा अर्धवट बाहेर,
कुणीतरी कपडे घ्यायला येतेच म्हणून गेलं असावं
आणि मध्ये पन्नास वर्षं गेली.

उंबऱ्यात दोन चर होते,
समांतर, उथळ. पट्टी लावली. नऊ मिलिमीटर.
तक्त्यात लिहिलं :
उंबरा – झिजलेला. बदलावा.

सभेत हरकत घेणाऱ्याला तीन मिनिटं मिळतात.
एडना ॲक्रॉइड उठल्या, वय अठ्ठ्याऐंशी.
वास्तुकलेबद्दल अवाक्षर नाही.
म्हणाल्या, सोमवारी आमची पाळी सातची.
धुणं बाबागाडीत, धुण्यावर धाकटा भाऊ,
आणि आई ओरडायची, चाकं चरात घाल गं,
म्हणजे गाडी आपली आपण आत जाते.
घंटा वाजली. त्या बसल्या.
पुन्हा उठून म्हणाल्या,
“चादर एकटीनं पिळता येत नाही.”
हे इतिवृत्तात आलेलं नाही.

विकासकाचा माणूस सौम्य होता.
त्याच्या चित्रात झाडं, सायकली, काचेचे सज्जे,
कडेला एक पाठमोरी बाई
जिला कुठेच पोचायचं नव्हतं.
बासष्ट घरं. घरं हवीतच,
मी स्वतः तीन वर्षं काढलीत
चिप्सच्या दुकानावरच्या ओल आलेल्या खोलीत,
तेव्हा त्याला खलनायक ठरवून
माझी सुटका नाही.

ठरलं : दर्शनी भिंत राखावी.
बाकीचं अकरा दिवसांत गेलं.
मग कितीतरी आठवडे ती भिंत
पोलादी टेकूंवर एकटी उभी,
खिडक्यांतून आरपार ढग,
आणि ‘स्त्रिया’ लिहिलेल्या दारातून आत गेलं
की पुन्हा बाहेरच.

उंबरा तेवढा अडला.
चाकाच्या खुर्चीला सपाट दार हवं, हा नियम,
आणि नियम बरोबर आहे.
चाकांनीच घडवलेला दगड चाकांसाठी काढला.
आता तो पालिकेच्या गोदामात,
फुटपाथच्या फरश्यांशेजारी, निळ्या ताडपत्रीखाली.
चिठ्ठीवर माझं अक्षर : टाकू नये.
संग्रहालय म्हणतं, जागा नाही.
विकासक विचारतो, खर्च कुणाचा.
माझे साहेब म्हणतात, कुठला उंबरा?

एडनाबाई हात धुवून माझ्या मागे लागल्यात.
दर सोमवारी नऊला, कचेरी उघडली की फोन.
त्या सोमवारी माझं इंग्रजी संपलं.
प्रलंबित, विचाराधीन, संबंधित विभागाकडे,
सगळं वापरून झालं होतं.
तेव्हा आमच्याकडचं सांगून टाकलं, शब्दाला शब्द :
बाई, तुमचं घोंगडं अजून भिजतच पडलंय.

पलीकडे शांतता.
मला वाटलं, दुखावल्या.
मग आवाज आला, अगदी कामाचा :
“गरम पाण्यात, की गार?”

“गार,” मी म्हणाले.

“बरं केलंस. गरमात आटलं असतं.
थांब, मी येते गुरुवारी.
ओलं घोंगडं फार जड होतं, पोरी.
एक टोक मी धरते.”